‘/टीएमपी’ आता रॅममध्ये! पण रॅम किती खायची, हे ठरवतं कोण?

9 ऑगस्ट 2025 ला डेबियन 13 आलं. त्यातला एक बदल कमी रॅमचा लॅपटॉप वापरणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. तात्पुरत्या फाइल्सचं ‘/टीएमपी’ हे फोल्डर आता डिस्कवर नाही, थेट रॅममध्ये असतं. फेडोराने हे 2013 मध्येच केलं होतं. पण डेबियन बरेच जण जुन्या मशीनवर टाकतात, म्हणून इथे हा मुद्दा जास्त महत्त्वाचा.

हे चालतं कसं?

यामागे लिनक्स कर्नलमधली ‘टीएमपीएफएस’ ही फाइलसिस्टीम आहे. दिसायला साधं फोल्डर, पण आत ठेवलेली प्रत्येक फाइल रॅममध्ये बसते. फायदा उघड आहे: वेग मिळतो, एसएसडीवर कमी लिहिलं जातं आणि रीस्टार्ट केलं की सगळं साफ.

मी माझ्या 8 जीबीच्या लॅपटॉपवर करून पाहिलं. ‘/टीएमपी’ची कमाल मर्यादा जवळपास 4 जीबी दिसली, म्हणजे रॅमच्या निम्मी. ही जागा आधीच अडवलेली नसते. फाइल टाकाल तेवढीच जाते. मी 3 जीबीचा व्हिडिओ तिथे टाकला, तर मेमरीच्या हिशेबात ‘शेअर्ड’चा आकडा तेवढाच वाढला. व्हिडिओ डिलीट केला, रॅम परत आली.

मर्यादा नसती तर?

टीएमपीएफएसचा जुना भाऊ आहे ‘रॅमएफएस’. त्याला मर्यादाच नाही. लिहीत राहा, रॅम संपेपर्यंत तो घेत राहतो आणि त्यातलं काही स्वॅपमध्येही जात नाही. टीएमपीएफएस निदान स्वॅप वापरू शकतं आणि मर्यादा आली की ‘जागा संपली’ असं सांगून थांबतं.

रॅम संपली की कर्नलचा ‘ओओएम किलर’ एखादं ॲप बंद करून जागा मोकळी करतो. पण टीएमपीएफएसमधली फाइल म्हणजे ॲप नाही. ती बनवणारं ॲप मेलं तरी फाइल तिथेच राहते! म्हणून मर्यादा फार मोठी ठेवली तर मशीन पार अडकू शकतं, असं कर्नलच्या कागदपत्रांतच लिहिलंय.

मग निम्मी रॅम हे उत्तर बरोबर आहे का?

माझ्या मते, अर्धवट बरोबर. कारण ही मर्यादा प्रत्येक टीएमपीएफएसला वेगळी असते. ‘/टीएमपी’ला 50 टक्के, ॲप्सच्या सामायिक मेमरीच्या ‘/डेव्ह/एसएचएम’लाही 50 टक्के. दोन्ही भरले तर बेरीज 100! 16 जीबीवाल्याला हे जाणवणार नाही, 4 जीबीवर अभ्यास करणाऱ्याला जाणवेल.

दुसरी अडचण सामायिक कॉम्प्युटरची. कॉलेजच्या लॅबमध्ये एकानेच ‘/टीएमपी’ भरलं तर बाकीच्यांचं काम अडतं. त्यावर 2023 च्या लिनक्स 6.6 मध्ये टीएमपीएफएसला प्रत्येक युजरसाठी कोटा लावायची सोय आली. एकूण मर्यादेपेक्षा हा उपाय मला जास्त न्यायाचा वाटतो.

आपल्या फोनचं काय?

अँड्रॉइडचा पाया लिनक्स कर्नलच आहे, पण ॲपच्या कॅशे फाइल्स फोनच्या स्टोरेजमध्ये राहतात. म्हणून ‘क्लिअर कॅशे’ दाबल्याने स्टोरेज मोकळं होतं, रॅम नाही. ‘कॅशे साफ करा, रॅम वाढवा’ म्हणणाऱ्या व्हिडिओंवर भरवसा ठेवू नका.

तुम्ही काय कराल?

लॅपटॉप 4 जीबीचा असेल तर ‘/टीएमपी’ची मर्यादा 1 जीबीवर आणा, ती चालू मशीनवरही बदलता येते. नकोच असेल तर डेबियनमध्ये ‘टीएमपी डॉट माउंट’ मास्क करून रीबूट करा, फोल्डर पुन्हा डिस्कवर जाईल. आणि मोठं डाउनलोड किंवा प्रोजेक्टची फाइल तिथे ठेवूच नका. लाइट गेली, बॅटरी संपली, की फाइलही गेली.