खारे पाणी आणि गुंठ्याचा हिशेब



मालवणच्या खाडीचे दुखणे कपाशी-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात कशाला, असे कोणी विचारेल. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातील भावांना ते सांगायला नको. विहिरीचे पाणी पिकाला द्यावे तर जमीन बिघडते, हे त्यांनी पिढ्यान्पिढ्या भोगले आहे. मालवणला तेच मीठ समुद्रातून येते.

कोळंब, कालावल, कर्ली या खाड्यांच्या काठची खार जमीन मातीच्या बांधामुळे पिकते. बांधाला उघाडी असते. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जाते, भरतीला झडप मिटते. उधाणाने बांध एका जागी जरी फुटला तरी सारा मळा खारा होतो. मग पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत हंगाम हातचे जातात. बांध तसाच पडून राहिला तर आत कांदळवन उगवते, आणि २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते तोडता येत नाही. सातबाऱ्यावर भात, शेतात जंगल! कांदळवनाशी आमचे वैर नाही. बांधाबाहेरचे कांदळवन लाटांचा मार स्वतःच्या अंगावर घेते. पण डागडुजी सरकारने टाळायची आणि जमीन शेतकऱ्याने गमवायची, हा कुठला न्याय? खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे, खातेही आहे. हालचाल होते ती बांध फुटल्यावर.

आणि समुद्र आता थांबायला तयार नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार आले तेव्हा भात कापणीला आला होता. मे २०२१ मध्ये तौक्ते आले. त्या वेळी सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. आकडा मोठा वाटतो. कोकणातली वाडी गुंठ्यात मोजतात, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. नारळाच्या झाडाला २५० रुपये दिले. नवा माड लावला तर फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात.

विम्याची गत तीच. आंबा-काजूची भरपाई मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते. बाग समुद्राकाठी आणि यंत्र डोंगरापलीकडे असले तरी आकडा यंत्राचाच. कपाशीचा, ज्वारीचा पीक कापणी प्रयोगही बहुधा मंडळावरच मोजतात. तुमच्या शेतात काय झाले ते दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडत आहोत. खारबांध आणि उघाड्यांची दुरुस्ती दरवर्षी पावसाळ्याआधी व्हावी आणि तिचा निधी अंदाजपत्रकात वेगळा असावा. बांध फुटलेल्या गावांना पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या, मीठ सोसणाऱ्या भाताचे बियाणे पेरणीआधी मिळावे. विमा आणि मदतीचे मोजमाप मंडळावर न करता गावावर व्हावे. हा तिसरा ठराव कोकणाइतकाच वऱ्हाड-मराठवाड्याचा आहे. त्यावर तालुकावार बोलणारे लोक तयार करून या, आणि येताना गेल्या तीन वर्षांच्या विम्याच्या पावत्या बरोबर आणा.