माणूस की नमुना?

नशा, लैंगिकता किंवा घराघरांत दडवून ठेवलेल्या गोष्टींवर एखादा धीट चित्रपट आला की आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, असले चित्रपट तरुणांना बिघडवतात, बंदी घाला. दुसरा म्हणतो, ही कला आहे, तुम्हाला कळत नसेल तर गप्प बसा. या दोघांच्या बोलण्यातून चित्रपटाबद्दल फारसं काही कळत नाही. पहिल्याने तो बहुधा पाहिलेला नसतो आणि दुसऱ्याला तो पाहिल्याचाच अभिमान जास्त असतो.

तोवर तोच चित्रपट तुमच्या-माझ्या मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी येऊन पोचलेला असतो. सुई टोचतानाचं एक दृश्य, पलंगावरचं एक दृश्य, खाली पाचपन्नास हसणारे चेहरे. त्या दृश्याच्या आधी ती मुलगी कोण होती आणि नंतर तिचं काय झालं, हे तुकड्यात नसतं. बंदी मागणारे ज्या गोष्टीला घाबरतात, ती खरी इथे घडते. चित्रपट बाजूला पडतो आणि धक्का तेवढा हातोहात फिरतो.

म्हणून असा चित्रपट पाहताना एक साधा प्रश्न सोबत ठेवावा असं मला वाटतं. पडद्यावर मला जो दाखवला जातोय तो माणूस आहे, की कशाचा तरी नमुना? नमुना म्हणजे बाटलीत भरून फडताळात ठेवलेली वस्तू. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते: व्यसनी, बदफैली, बुरख्यातली बाई. माणसावर अशी चिठ्ठी टिकत नाही. त्याला आई असते, सवयी असतात, दुपारी चारला भूक लागते.

डॅरेन अॅरोनॉफ्स्की यांचा २००० सालचा ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ घ्या. अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने त्याला सर्वांत कडक, फक्त प्रौढांसाठीचं मानांकन दिलं. दिग्दर्शकाने कात्री लावायला नकार दिला आणि चित्रपट मानांकनाशिवायच प्रदर्शित झाला. बोलबाला झाला तो तीन तरुणांच्या हेरॉइनचा. पण चित्रपटाचा जीव आहे सारा गोल्डफार्ब या वयस्क विधवेत. मुलगा घरातला टीव्ही पुन्हा पुन्हा उचलून नेतो आणि गहाण टाकतो, ती दर वेळी पैसे भरून तो सोडवून आणते. एक दिवस फोन येतो की तुम्ही टीव्हीवर झळकणार आहात. तिला आपला जुना लाल पोशाख घालायचा आहे, पण तो आता अंगात मावत नाही. ती डॉक्टरकडे जाते. डॉक्टर तिच्याकडे धड बघतही नाही आणि वजन कमी करण्याच्या रंगीबेरंगी गोळ्या लिहून देतो. पुढे दृष्टिभ्रम, इस्पितळ, विजेचे झटके.

इथे दिग्दर्शकाने एक नेमकी गोष्ट केली आहे. मुलाची नशा दाखवताना त्याने झटपट तुकड्यांची एक मालिका वापरली आहे: पुडी, आच, सुई, विस्फारलेली बाहुली, आणि प्रत्येकाला जोडलेला एक आवाज. आईच्या गोळ्यांनाही त्याने तशीच मालिका लावली. पोलीस मुलाच्या मागे लागतात. आईला गोळ्या देणाऱ्याच्या दारावर मात्र डॉक्टरची पाटी आहे. पण चित्रपट दोघांना एकाच मापाने मोजतो. नशा म्हणजे वाईट पोरांची खोड, असं समजून पाहायला बसलेल्याच्या मनात तो समज शेवटपर्यंत टिकत नाही. आपल्याच घरातली एकटी पडलेली म्हातारी त्याला दिसू लागते.

या चित्रपटाबद्दल माझी एक तक्रारही आहे. त्यात कुणालाच बाहेर पडायची वाट नाही. एकाचा हात कापावा लागतो, एक तुरुंगात खितपत पडतो, एका मुलीला नशेसाठी स्वतःचं शरीर अपमानित करून घ्यावं लागतं. व्यसनाला लागला म्हणजे संपलाच, असा ग्रह करून प्रेक्षक उठू शकतो. तो खोटा आहे. व्यसनातून माणसं बाहेर येतात. त्यांची गोष्ट चित्रपट क्वचित सांगतात, कारण तिच्यात धक्का कमी आणि वाट पाहणं जास्त असतं.

याउलट गास्पार नोए यांचा २०१८ चा ‘क्लायमॅक्स’. नर्तकांचा एक चमू, एका रात्रीची मेजवानी आणि पेयात कुणीतरी गुपचूप मिसळलेलं एलएसडी. सुरुवातीचं नृत्य थक्क करणारं आहे. पण नंतर कॅमेरा उलटासुलटा होत राहतो, गर्भवती बाई लाथा खाते, कोंडलेलं मूल मरतं, आणि यांतल्या बहुतेकांना आपण ओळखतच नसतो. त्यांची ओळख करून घ्यायला दिग्दर्शकाला सवड नाही. कौशल्य भरपूर आहे. पण तिथली माणसं बाटलीतली आहेत आणि आपण बाहेरून बघतोय. परदेशी महोत्सवात गाजलं म्हणून याला आपण मान तुकवायची गरज नाही.

आता आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट. सईम सादिक यांचा ‘जॉयलँड’ २०२२ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला तिथल्या एका विभागाचं ज्युरी पारितोषिक मिळालं. लाहोरचं एक मध्यमवर्गीय कुटुंब. धाकटा मुलगा हैदर बेकार आहे, त्याची बायको मुमताज ब्युटी पार्लरमध्ये मनापासून काम करते. हैदरला एका नाचगाण्याच्या थिएटरात नोकरी लागते आणि घरचे मुमताजला काम सोडायला लावतात. हैदर त्या थिएटरातल्या बीबाच्या प्रेमात पडतो. बीबा ट्रान्स स्त्री आहे.

एवढं ऐकूनच काहींनी चित्रपट निकालात काढला. पाकिस्तान सरकारने ऑगस्टमध्ये दिलेलं प्रमाणपत्र नोव्हेंबरमध्ये रद्द केलं. कारण दिलं सभ्यता आणि नीतिमत्तेचं. ओरड झाल्यावर समिती नेमली गेली आणि काही काटछाटीनंतर परवानगी मिळाली. पण पंजाब प्रांताने बंदी कायम ठेवली. म्हणजे लाहोरचा हा चित्रपट लाहोरच्याच थिएटरांत लागू शकला नाही.

बंदी मागणाऱ्यांना त्यात फक्त बीबा दिसली. मला तो त्या घरातल्या प्रत्येकाचा चित्रपट वाटला. व्हीलचेअरवरचे वडील आहेत, घरात सगळे त्यांना वचकून असतात. शेजारची एक विधवा एका रात्री त्यांच्या सोबतीला थांबते, तर दोघांच्याही इज्जतीचा पंचनामा होतो. दोन म्हाताऱ्या माणसांना कुणीतरी जवळ असावंसं वाटतं, हेच त्या घरात मोठं पाप ठरतं. मोठी सून पाठोपाठ मुली झाल्याचं ओझं वाहते. मुमताजच्या शरीराला काय हवंय, हे तिला कुणीच विचारत नाही. ती गर्भवती राहते, मुलगा होणार म्हणून घरात आनंदीआनंद होतो आणि तिचा जीव मात्र घुसमटत जातो. शेवटी ती आत्महत्या करते. तिला कुणी मारहाण केलेली नसते, कुणी खलनायक नसतो. सगळे आपापल्या परीने भले असतात. लग्नाआधी हैदरने तिला काम करू देण्याचं वचन दिलं होतं, हे चित्रपट अगदी शेवटी दाखवतो. तोवर ती गेलेली असते.

बीबाही इथे दयेचा विषय नाही. ती चिडते, घासाघीस करते, आपल्या नाचाबद्दल कडक आहे. हैदर तिला जेव्हा तिच्या ओळखीबाहेरचं काही समजू पाहतो, तेव्हा ती त्याला हाकलून देते. पाकिस्तानच्या संसदेने २०१८ मध्येच अशा व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला होता. कागदावर त्यांना नागरिक म्हणणं जमलं, पण पडद्यावर माणूस म्हणून बघणं अनेकांना जड गेलं.

इथे तुमच्यापैकी काही जण एक आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप खरा आहे. ‘पाकिस्तानात मुसलमानांनी मुसलमानांबद्दल काढला ते ठीक. आपल्याकडे आधीच आपल्याकडे संशयाने बघितलं जातं. त्यात आपल्या घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला?’

‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’च्या वेळी हा प्रश्न उभा राहिला होता. अलंकृता श्रीवास्तव यांच्या या चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाने २०१७ च्या सुरुवातीला प्रमाणपत्र नाकारलं. दिलेल्या कारणांत एक असं होतं की चित्रपट समाजातल्या एका विशिष्ट घटकाबाबत संवेदनशील आहे. हा घटक कोणता, हे सांगायला नको. पण त्या घटकातल्या भोपाळच्या किंवा भिवंडीच्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. बाईच्या इच्छेची भीती मंडळाला होती आणि पुढे केला गेला आपला खांदा. अपिलात चित्रपट सुटला आणि जुलै २०१७ मध्ये ‘ए’ प्रमाणपत्रासह लागला.

त्या चित्रपटावर टीका करायलाही माझी ना नाही. त्यातल्या चार बायकांपैकी दोघी हिंदू आहेत. पंचावन्न वर्षांच्या विधवा उषाची, सगळ्यांच्या ‘बुआजी’ची, फजिती तर सगळ्यांत जास्त होते. तरी नावात बुरखाच आला. बंधनाचं चिन्ह म्हणून बुरखा बाजारात चटकन चालतो, आणि तिथे माणूस मागे पडून नमुना पुढे येतो. हे आपण मोठ्याने म्हणायला हवं. पण त्याच चित्रपटातली शिरीन नवऱ्यापासून लपवून नोकरी करते, आणि बिछान्यात नवरा तिला कधीच विचारत नाही. तशी बाई आपल्या ओळखीत नाही असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? टीका करणं वेगळं आणि शिरीनला पुन्हा गप्प करणं वेगळं.

बदनामीची ही भीती फक्त मुसलमानांची नाही. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’मधून पंजाबचा उल्लेखच काढा, असं सेन्सॉर बोर्डाचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने एकच कट ठेवून चित्रपट मोकळा केला. पंजाबचं नाव पुसल्याने तिथल्या एकाही घरातली नशा गेली नसती. लपवणाऱ्याला हे कळतं, पण तोवर घरातला मुलगा हाताबाहेर गेलेला असतो.

आपल्या वस्त्यांतही तेच चाललंय. मालेगावात ‘कुत्ता गोली’ नावाने जी फिरते ती अल्प्राझोलाम, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी झोपेची, अस्वस्थतेवरची गोळी. सारा गोल्डफार्बची गोष्ट न्यूयॉर्कची असली तरी ती औषधाच्या दुकानातून सुरू होते, आणि ही सुद्धा. पोरगा गोळ्या खातो हे घरात कळतं, तेव्हा पहिली धडपड असते ती शेजाऱ्यांना कळू नये याची. मग त्याला गावी पाठवायचं, लग्न लावून द्यायचं, ‘जबाबदारी आली की सुधारेल’ म्हणायचं. ज्या मुलीशी लग्न लावलं तिला काही सांगायचं नाही. आणि पोरगा दुसऱ्याचा असला की आपण त्याला गर्दुल्ला म्हणून मोकळे होतो.

हा शब्द ज्या गर्दमुळे आला, तिच्यावर मराठीत एक पुस्तकच आहे, अनिल अवचट यांचं ‘गर्द’. ते वाचताना अंगावर काटा येतो. पण अवचट त्या पोरांजवळ बसले, त्यांचं ऐकून घेतलं, त्यांच्या आयांचंही ऐकलं. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या आर्थिक मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथून आजवर असंख्य माणसं बरी होऊन घरी गेली. अस्वस्थ करणारं लेखन आणि एक दवाखाना यांच्यात अंतर किती कमी असू शकतं, याचं हे आपल्याच भाषेतलं उदाहरण.

कायदाही अशा मुलाला सरसकट गुन्हेगार मानत नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात ६४अ हे कलम आहे. थोड्या प्रमाणातल्या पदार्थासह सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकतं. सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, फोन करायला पैसे लागत नाहीत. जे घर बदनामीला घाबरून तोंड उघडत नाही, त्याच्या हे काही कामी येत नाही.

म्हणून अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माझ्या वाचकांना एवढंच सुचवतो. असा एखादा चित्रपट पाहायचा तर अख्खा पाहा, तुकडा नको. शक्य झालं तर दोन-चार मित्रमैत्रिणींनी मिळून पाहा आणि नंतर तासभर बोला. दिग्दर्शकाने माणूस दाखवला की बाटली, यावर भांडा. एखाद्याला पाहवलं नाही आणि तो मध्येच उठला, तर त्याला मागासलेला म्हणू नका, आणि शेवटपर्यंत बसला त्याला बिघडलेला म्हणू नका.

आणि मग आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर जो पोरगा डोळे तारवटून बसलेला असतो, त्याचं नाव काय, हे एकमेकांना विचारा. नाव माहीत असेल तर त्याच्या घरी कुणी जायचं, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.