डोंगर कुणाच्या खात्यावर?

माघ सरत आला की सह्याद्रीच्या उतारावरचे गवत पार वाळून पिवळेधमक होते. तिथून पहिल्या पावसापर्यंत खोऱ्यात राहणाऱ्या माणसाची नजर संध्याकाळी आपोआप डोंगराकडे जाते. धूर दिसतो का, वारा कोणीकडचा आहे, मधे ओढा आहे की नाही, असे हिशेब मनातल्या मनात सुरू होतात. शहरातून आलेले पाहुणे मात्र अंगणात उभे राहून म्हणतात, "वा! डोंगराला दिव्यांची माळच घातलीय." दुरून डोंगर साजरे ही म्हण वणव्यालाही लागू पडते, हे निवृत्तीनंतर पवन मावळात राहायला आल्यावर मला उमगले.

वणवा म्हटले की हल्ली कॅलिफोर्निया आठवतो. २०१८ च्या नोव्हेंबरात तिथले पॅराडाइज नावाचे गाव बहुतांश जळाले आणि त्या आगीत ८५ माणसे गेली. आपल्याकडची आग बहुधा तशी नसते. ती गवतातून, पाचोळ्यातून जमिनीलगत सरकते. मोठी झाडे होरपळतात, पण उभी राहतात. आषाढात डोंगर पुन्हा हिरवा होतो आणि आपण सारे विसरतो. हा हिरवेपणा फसवा आहे. दोन-तीन वर्षांची रोपे जळतात, म्हणजे उद्याचे रान जळते. जमिनीवर घरटी करणाऱ्या तित्तिर-लाव्यांची अंडी-पिल्ले जळतात. पाचोळ्याचे पांघरूण गेल्यावर उघडी पडलेली माती पहिल्या जोरदार सरींबरोबर ओढ्याला लागते. तोच उतार दरसाल जळत राहिला तर तिथे झाड धरत नाही, गवतच माजते, आणि ते पुढच्या फाल्गुनात पुन्हा जळायला तयार असते.

ही आग नेहमी गरीबच असते असेही नाही. चढावर तिची झळ वरचे गवत आधीच तापवून ठेवते. दहा अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जाणकारांचा आडाखा आहे. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत, थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात, वीसहून अधिक गिर्यारोहक अशाच वणव्यात सापडून दगावले. तोही सह्याद्रीचाच दक्षिणेकडचा भाग.

आमच्या खोऱ्यातला वणवा आभाळातून पडत नाही. कोरड्या दिवसांत विजा नसतात. आग लागते ती माणसाच्या हातून. कुणी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो आणि ठिणगी बांध ओलांडते. कुणाची समजूत, की जुने गवत जाळले म्हणजे नवे जोमाने फुटते. वास्तविक मुळे जमिनीखाली शाबूत असतात. न जाळताही ती पावसाने फुटतातच. कुणी मध काढताना धूर करतो, कुणी शिकारीसाठी रान पेटवतो. आणि आता धरणाच्या काठी तंबू ठोकून शेकोटीभोवती गाणी म्हणणारेही आहेत. प्रत्येकाला आपली आग लहानच वाटते.

माझी उमेद बँकेत, त्यातही बरीच ग्रामीण शाखांत गेली, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. एखाद्याची गवताची गंजी किंवा गोठा जळाला तर तलाठी येतो, पंचनामा होतो, विमा असला तर दावा दाखल होतो. शंभर एकरांचा डोंगर जळाला तर कोण अर्ज करणार? नुकसान आहे, पण नुकसानग्रस्त नाही. त्या डोंगराचा काही भाग वनखात्याचा, काही गायरान, काही खासगी. वणवा सातबारा बघून पसरत नाही. आपण मात्र सातबारा बघून विझवायला जायचे की नाही ते ठरवतो.

याला आपला कायदाही थोडा कारणीभूत आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला. जंगलात ज्यांना काही हक्क आहेत त्यांनी आगीची वर्दी द्यावी, ती विझवायला धावावे, असे बंधनही घातले. पण त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे, की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. एकाने लावलेल्या काडीची शिक्षा साऱ्या गावाच्या गुरांना! मग "कोणी लावली?" या प्रश्नाला गावात उत्तर मिळत नाही, यात नवल ते काय?

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही मांडणी उलटी केली. जंगल राखणे हा ग्रामसभेचा हक्क मानला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जंगल राखायचे काम तर गावाने त्याच्या कितीतरी आधीच अंगावर घेतले होते. अशा ठिकाणी बांबू जळाला तर तो 'सरकारचा' जळत नाही. तोटा घराघराच्या वहीत पडतो.

आता उपग्रहातून आग दिसते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा संदेश वनखात्याच्या माणसाच्या मोबाईलवर येतो. सोय चांगलीच आहे. पण संदेश डोंगर चढत नाही. वनरक्षक एकटा-दुकटा, आणि त्याचे क्षेत्र कित्येक टेकड्यांचे. ओल्या डहाळ्या घेऊन आग झोडपायला पायथ्याची माणसेच लागतात.

म्हणून मागणे साधे आहे. फेब्रुवारी उजाडण्याआधी जाळरेषा पुऱ्या व्हाव्यात आणि ते काम मजुरी देऊन गावालाच द्यावे. राब भाजायचा तो शेजाऱ्यांना सांगून, वारा पडलेला असताना, माणसे हाताशी ठेवून. खोऱ्यात बंगले बांधणाऱ्या आम्हा नव्या रहिवाशांनी कुंपणापुरते गवत कापून थांबू नये. वरच्या जाळरेषेच्या खर्चात वाटा उचलावा. आणि जो डोंगर राखायला गावाला हाक मारायची, त्याच्या गवतावर, लाकूडफाट्यावर, मधावर त्या गावाचे नावही लागावे. ज्याच्या नावावर काहीच जमा नाही, त्याने तोटा वाचवायला रात्री दोन वाजता चढण चढावी, अशी अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते?