करार दोघांचा, बंधन एकाचे

कल्याणच्या दुर्गाडीपाशी खाडीवरचा पूल ओलांडला की कोन लागते. तेथून भिवंडीपर्यंत यंत्रमागांचे कारखाने आणि गोदामे यांचीच वस्ती आहे, आणि त्यांत राबणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या हाती नेमणुकीचा साधा कागदही नाही. अशा परिसरात फुटबॉलपटूंच्या करारांचा प्रश्न काढणे कोणाला चैनीचे वाटेल. वस्तुतः तो चैनीचा नाही. श्रम विकणाऱ्याला करार कितपत बांधतो आणि विकत घेणाऱ्याला कितपत, हाच दोन्हीकडचा सवाल आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरू फुटबॉल क्लबने आपल्या पहिल्या संघाचे खेळाडू व कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबविले. अन्य काही क्लबांनीही कामकाज स्थगित केले. कारण खेळाडूंच्या पायांत नव्हते. राष्ट्रीय फुटबॉल महासंघ आणि स्पर्धा चालविणारी कंपनी यांच्यातील २०१० सालचा पंधरा वर्षांचा व्यापारी करार संपत आला होता आणि नव्याचे काही ठरत नव्हते. स्पर्धा पुढे फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाली. मधल्या महिन्यांत धंद्याची जोखीम मालकाने घ्यावी, हे भांडवलशाहीचे स्वतःचेच सूत्र मालकांनी बाजूला ठेवले आणि ती जोखीम पगारदाराच्या घरात नेऊन टाकली. मंदी आली की माग बंद ठेवून मजुराला उद्या या असे सांगण्याची रीत भिवंडीला परिचित आहे. त्या रीतीने येथे रंगीत जर्सी घातली, इतकेच.

फुटबॉलचा करार हा नोकरीचा करार नव्हेच, तो खेळाच्या खास स्वरूपामुळे वेगळा असावा लागतो, असा युक्तिवाद शंभर वर्षे केला जात आहे. इंग्लंडमध्ये कराराची मुदत संपल्यावरही क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे, आणि त्याचा पगार आठवड्याला वीस पौंडांहून वाढू नये अशी मर्यादाही होती. ही मर्यादा १९६१ मध्ये उठली, ती मालकांना उपरती झाली म्हणून नव्हे. खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली म्हणून. जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात १९६३ मध्ये न्यायालयाने ती अडकवणूक अवाजवी ठरविली. जाँ-मार्क बोसमनच्या दाव्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने मुदत संपलेल्या खेळाडूच्या बदलीसाठी पैसे मागण्याची प्रथा मोडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने लासाना दियारा प्रकरणात, करार मोडणाऱ्या खेळाडूबरोबर त्याच्या नव्या क्लबलाही भरपाईत गुंतविणारे जागतिक महासंघाचे नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरविले. प्रत्येक वेळी ‘आता खेळ बुडाला’ अशी हाकाटी झाली. खेळ बुडाला नाही.

तेव्हा खेळाडूला सर्वसाधारण नोकरदारासारखे वागवा, एवढे म्हटले की प्रश्न मिटतो काय? मिटत नाही, कारण सर्वसाधारण नोकरीही वाटते तेवढी मोकळी नाही. याचा दाखला कोनपासून हाकेच्या अंतरावर आहे. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायरसाठी लागणाऱ्या धाग्याच्या विभागात एक शिफ्ट सुपरवायझर १९६३ साली पाच वर्षांच्या कराराने लागला. पुढच्याच वर्षी तो अधिक पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनकडे गेला. कंपनी न्यायालयात गेली आणि जानेवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या मुदतीत त्या प्रकारचे काम दुसरीकडे करण्यास त्याला मनाई करणारा हुकूम कायम ठेवला. कोणाला सक्तीने कामावर ठेवता येत नाही हे खरे, पण ज्याला एकच काम येते त्याला ते अन्यत्र करू न देणे, याला सक्तीखेरीज वेगळे नाव शोधावे लागेल. मुदत संपल्यावर मात्र बंधन उरत नाही, हे त्याच न्यायालयाने २००६ मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानच्या जाहिरात-हक्कांच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे वाद उरतो तो मुदतीच्या आतला.

येथे क्लबांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. हंगामाच्या मध्यावर निम्मा संघ श्रीमंत प्रतिस्पर्ध्याने उचलून नेला तर स्पर्धेला अर्थ राहणार नाही. लहान क्लब पोरे घडवतात आणि मोठे पिकलेले फळ तोडतात, हेही खोटे नाही. परंतु पहिल्या अडचणीवर बदलीचा ठराविक काळ हा उपाय आधीच आहे. दुसरीसाठी जागतिक नियमांत घडणीच्या खर्चाची भरपाई आहे, शिवाय बदलीच्या रकमेतला पाच टक्के वाटा खेळाडू घडविणाऱ्या क्लबांसाठी राखलेला आहे. हे पैसे क्लबांनी क्लबांना द्यावेत. त्यासाठी माणसाला तारण ठेवण्याचे कारण नाही. ऊसतोडीच्या उचलीला आणि वीटभट्टीच्या आगाऊ रकमेला वेठबिगार म्हणायचे, अन् मैदानावरच्या तारणाला व्यवस्थापन, हा भेद तर्काने टिकत नाही.

मुंबईच्या फुटबॉलने एकेकाळी निराळी वाट पाहिली होती. रेल्वे, टाटा, मफतलाल, एअर इंडिया यांच्या संघांतून खेळणाऱ्या अनेकांना नोकरी होती. गुडघा गेला तरी मस्टरवर नाव राही. त्या व्यवस्थेत दोष होते, पण चूल पेटती राही. पुढे २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, २०१३ मध्ये एअर इंडियाला अव्वल स्पर्धेतून वगळण्यात आले, मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. नोकरी गेली आणि करार आला; सुरक्षितता मात्र वाटेतच सांडली.

म्हणून मागणी ‘नोकरीसारखा करार’ एवढीच असून भागणार नाही. ती नेमकी हवी. स्पर्धा होवो न होवो, कराराच्या मुदतीतला पगार मिळालाच पाहिजे आणि त्यासाठी प्रत्येक क्लबने हंगामाआधी अनामत ठेवावी. दोन महिन्यांचा पगार थकल्यास क्लबला नोटीस देऊन मोकळे होण्याचा जो हक्क जागतिक नियमांत आहे, तो बदलीचा काळ संपला या सबबीवर निरर्थक ठरू नये. खेळाडूने करार मोडल्यास भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपुरती असावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगाराच्या व्याख्येत पत्रकार आहेत, विक्रीवृद्धी कर्मचारी आहेत. खेळाडूचाही स्पष्ट उल्लेख तीत व्हावा. आणि करार एकेकट्याने नव्हे, संघटनेने करावा.

फुटबॉलपटूजवळ निदान वाचता येईल असा कागद आहे, त्याच्यामागे वृत्तपत्रे आहेत. तरीही त्याचा पगार एका निवेदनासरशी थांबू शकतो. मग कंत्राटदाराच्या तोंडी शब्दावर गोदामात पोती उचलणाऱ्याची काय कथा? खेळाडूंची संघटना आणि यंत्रमाग कामगारांची संघटना आजवर एका व्यासपीठावर आल्या नाहीत. त्या आल्या तर दोघांनाही आपल्या कराराचे कलम एकच असल्याचे दिसेल: बंधन कामगाराला, सवलत मालकाला. ते कलम खोडण्याचे काम एकट्याचे नाही.