फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर बेवारस नसतं

अमडापूरसारख्या गावात कृषी केंद्रापासून हार्डवेअरपर्यंत सगळ्यांनाच बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लागतं. ते बसवून देणं हा कमी भांडवलाचा चांगला धंदा आहे. पण यात एक शॉर्टकट हमखास सुचवला जातो: ओपन सोर्स सॉफ्टवेअर डाउनलोड करा, मूळ नाव पुसा, आपला लोगो लावा आणि 'आम्हीच बनवलं' म्हणून विका. माझ्या मते ही सरळ चोरी आहे.

आपल्या मुंबईचंच बघा ना. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून ईआरपीनेक्स्ट उभं केलं. ते फुकट मिळतं, पण जीपीएल ३ या लायसन्सखाली. हे लायसन्स कमाईला आडवं येत नाही. बसवायचे पैसे घ्या, शिकवायचे घ्या, अगदी कॉपी विकायचेही घ्या! फक्त मूळ कॉपीराइटची ओळ पुसायची नाही आणि गिऱ्हाइकाला तुमच्या बदलांसकट सोर्स कोड त्याच लायसन्सखाली द्यायचा. (स्वतःच्या दुकानापुरतं वापरत असाल, तर बदल कुणाला दाखवायची गरज नाही.)

अट मोडली की परवानगी संपली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामलाही संरक्षण आहे. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

'एवढं कोण बघतंय?' असं म्हणणारे भेटतील. फ्रान्समधल्या ऑरेंज या बड्या टेलिकॉम कंपनीने एका छोट्या कंपनीची जीपीएल लायब्ररी अटी न पाळता वापरली. छोटी कंपनी वर्षानुवर्षं लढली आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने ऑरेंजला ५ लाख युरोंहून जास्त भरपाई द्यायला लावली.

खरं सांगू का, आपल्याकडे कोर्टाच्या आधी गिऱ्हाईकच पकडतं. दुकानदाराचा पुण्यात शिकणारा पुतण्या दिवाळीला घरी येतो, स्क्रीन बघतो आणि म्हणतो, "काका, हे तर नेटवर फुकट आहे!" मग १५ हजार रुपये घेणाऱ्याची गावात काय पत राहील?

आणि कुणी आधीच असं विकून बसला असेल तर? जीपीएल ३ मध्ये सोय आहे. पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत सगळं दुरुस्त केलं, तर हक्क परत मिळतात. पण नोटिशीची वाट कशाला बघायची? आजच लायसन्सची फाईल जागेवर ठेवा, जुन्या गिऱ्हाइकांना सोर्स कोड द्या आणि पुढच्या बिलावर 'सॉफ्टवेअरची किंमत' काढून 'बसवणे, प्रशिक्षण व वर्षभराची सेवा' असं लिहा.