घोडा समंद, रास १

परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांत बोरी म्हणून गांव आहे. तेथील एका मोठ्या कुटुंबांतील भगिनींनीं मोडी कागदांतल्या एका ओळीची नक्कल आमच्याकडे पाठवून तिचा अर्थ विचारला आहे. घराची वाटणी व्हावयाची आहे, जुना वाडा उतरावयाचा आहे, आणि माळ्यावरचें दप्तर ठेवावें कीं रद्दींत घालावें, असा वाद घरांत पडला आहे. ओळ अशी : "घोडा समद रास १, अयाळ सेपूट काळी." थोरल्या दिरांच्या मतें समद हें मोतद्दाराचें नांव. सासूबाईंना त्यांच्या सासूबाई सांगत, कीं घरीं 'समुद्र' नांवाचा घोडा होता. कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्याचें म्हणणें असें, कीं ज्या कागदाचा अर्थ घरांत एकासही लागत नाहीं तो सांभाळून काय करावयाचें?

थोरल्या दिरांनीं अक्षरें बरोबर लाविलीं आहेत आणि सासूबाईंनीं आठवण खरी ठेविली आहे. पण शब्द दोघांच्याही हातून निसटला. मोडी लिहिणारे कारकून घाईंत अनुस्वार सर्रास गाळीत, हें ज्यांनीं चार कागद वाचले असतील त्यांस सांगावयास नको. येथें वाचावयाचें तें 'समंद'. हें माणसाचें नांव नव्हे आणि घोड्याचेंही नव्हे. हा घोड्याचा रंग आहे. अंग पिंवळट तपकिरी, पिकत्या गव्हाच्या किंवा बदामाच्या सालीच्या जवळचें, आणि अयाळ, शेपूट व पाय काळे, अशा घोड्यास समंद म्हणत. शब्द फारशी आहे. कागदांत पुढें "अयाळ सेपूट काळी" असें आहे, त्यामुळें शंकेस जागा उरत नाहीं. घरांतल्या बायकांच्या तोंडीं 'समंद' फिरतां फिरतां त्याचा 'समुद्र' झाला असावा. अनोळखी शब्दास ओळखीचा पोशाख चढविणें ही आपल्या भाषेची जुनीच खोड आहे.

आतां 'रास १' ह्याविषयीं. माणसें असामीनें मोजावीं, घोडे, गुरें रासेनें मोजावीं, अशी दप्तराची रीत होती. म्हणजे ओळीचा सरळ अर्थ एवढाच : समंद रंगाचा एक घोडा, अयाळ व शेपूट काळी.

एवढ्याशा गोष्टीसाठीं कारकुनानें शाई कां खर्चावी, असें पुतणे विचारतील. त्याचें कारण सरकारचा संशय. स्वाराचा पगार घोड्यावर मिळे, आणि पगार घेऊन हजिरीच्या दिवशीं शेजाऱ्याचें तट्टू उभें करण्याची कला फार प्राचीन आहे. म्हणून दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीनें (१२९६–१३१६) घोड्यांस डाग देण्याची आणि स्वाराचें वर्णन लिहून ठेवण्याची पद्धति घातली; पुढें अकबरानें १५७३–७४ च्या सुमारास ती नव्यानें चालू केली; आणि दक्षिणेंतल्या व मराठ्यांच्या फौजांतही स्वारांच्या व घोड्यांच्या चेहऱ्यांचे कागद होऊं लागले. अशा चेहऱ्यांत रंग पहिला. त्यामागून कपाळावरचा टिळा, पांढरें पाऊल, अंगावरचे भोवरे. लढाईंत घोडा पडला तर सिलेदारास भरपाई मागावयाची ती ह्याच वर्णनावर. कारकुनानें समंदाच्या जागीं कुमाईत लिहिलें, तर मेलेला घोडा आपला होता हें सिलेदारानें सिद्ध करावें कसें? आज मोटारीच्या क्रमांकास जें महत्त्व आहे तें त्या काळीं एका रंगाच्या शब्दास होतें, आणि म्हणून ते शब्द नेमके असत. तांबूस तपकिरी अंग व काळी अयाळ तो कुमाईत. अंगही तांबूस आणि अयाळही तशीच तो सुरंग. काळा तो मुश्की. दुरंगी ठिपक्यांचा तो अबलख. चारी पाय व कपाळ पांढरें तो पंचकल्याणी.

बोरीच्या घरीं असा कागद यावा ह्यांत नवल नाहीं. जिंतूर–औंढ्यावरून पुढें गेलें कीं हिंगोली लागते. १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यांतच होती, आणि १९०३ पर्यंत तेथें हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. हिचे रिसाले सिलेदारी पद्धतीचे, म्हणजे घोडा व सरंजाम स्वाराचा आणि पगार सरकारचा. त्या फौजेच्या खर्चापायींच १८५३ च्या करारान्वयें निजामाचा वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. ह्या रिसाल्यांत 'असामी', म्हणजे एका स्वाराची जागा, ही मालमत्ताच होऊन बसली होती. ती विकली जाई. एकाच्या अनेक असत. आणि ज्याच्या त्या असत तो स्वतः बसेच असें नाहीं, बारगीर बसवी. म्हणून बोरीकर मंडळींनीं पूर्वज तलवारबहाद्दर होते असें आजच वंशावळींत लिहून टाकूं नये. घोडा घरचा असेल आणि मांड दुसऱ्याची असेल. पागेशीं व्यवहार असलेल्या सावकाराच्या दप्तरांतही अशी ओळ सांपडावी. ह्याचा उलगडा मागच्या-पुढच्या बंदांवरूनच व्हावयाचा. आणि नेमके तेच बंद रद्दीच्या वाटेवर आहेत! दप्तर ठेवावें कीं नाहीं, ह्यावर आमचा अभिप्राय ह्याहून स्पष्ट सांगण्याची गरज नसावी.

भगिनींनीं शेवटीं एक मार्मिक प्रश्न केला आहे. बैलांस आपण ढवळा, पवळा म्हणतों. मग घोड्यांनाच हे परके शब्द कां? ह्या प्रश्नानें आम्हांस बराच वेळ गुंतवून ठेविलें. परभणी–नांदेडकडच्या लाल कंधारी गुरांच्या नांवांतच रंग आणि गांव दोन्हीं आहेत, आणि दोन्हीं आपलीं. ह्याचें कारण आम्हांस असें वाटतें, कीं बैल दारीं जन्मला आणि घोडा बाजारांतून आला. अरबस्थान-इराणचे घोडे चौल, दाभोळ, गोवें ह्या बंदरांत उतरत; वस्तूबरोबर विकणाऱ्याची भाषाही उतरे. गिऱ्हाइकानें मालाचें नांव विक्रेत्याकडूनच शिकावें हा बाजाराचा नियम आहे.

आणि ही गोष्ट मुसलमानी अमलांतली नव्हे, त्याच्याही आधींची आहे. बाराव्या शतकांत गुजराथेंत हेमचंद्रानें 'अभिधानचिंतामणि' हा संस्कृत कोश रचला. त्यांत घोड्यांच्या रंगांची मोठी मौजेची मालिका आहे : सेराह, खुंगाह, कियाह, त्रियूह, वोल्लाह, उराह, कुलाह. कपिल रंगाचा तो त्रियूह; तोच अयाळ-शेपटीनें फिकट असला तर वोल्लाह; किंचित् पिंवळा आणि गुडघ्यांशीं काळा तो कुलाह. हा कुलाह आपल्या समंदाचा जवळचा भाऊबंद दिसतो. ह्या शब्दांवर संस्कृताचा साज असला तरी हाड संस्कृताचें नाहीं. टीकेंत हेमचंद्र स्वतःच त्यांस देशीप्राय म्हणतो, आणि आपण दिलेल्या व्युत्पत्ति केवळ अक्षरांचा क्रम पक्का राहावा म्हणून आहेत असें मोकळेपणानें सांगतो. असा प्रामाणिक व्युत्पत्तिकार आज कोठें भेटेल! त्याच शतकांत, ११३० च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें 'मानसोल्लास' लिहिला. त्यांतही घोड्यांवर बसून चेंडू खेळण्याच्या विनोदाचें वेगळें प्रकरण आहे. तात्पर्य, घोड्यांचे व्यापारी बदलले तसे शब्द बदलले : 'कुलाह' गेला, 'समंद' आला. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितानें राज्यव्यवहारकोश रचून फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी पागेंतल्या माणसांची जीभ कुमाईत-अबलखांवरून हलली नाहीं.

जी गोष्ट आमच्या घरची तीच युरोपांतली. पिंवळट बदामी घोड्यास तेथें जुना शब्द आहे 'इझाबेल'. त्याची एक कथा सांगतात : स्पेनच्या राजकन्येनें ऑस्टेंडचा वेढा जिंकीपर्यंत अंगचें वस्त्र बदलणार नाहीं अशी शपथ घेतली, वेढा तीन वर्षें चालला, आणि त्या वस्त्राचा जो रंग झाला तो हा! कथा रंगतदार आहे, पण खोटी. वेढा १६०१ सालीं पडला, आणि इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या वस्त्रांच्या यादींत ह्या रंगाचा झगा १६०० सालींच नोंदलेला आहे. पुनः कारकुनाच्या यादीनेंच खरें-खोटें केलें, हें पुतण्यांनीं लक्षांत घ्यावें.

समंदाविषयीं अलीकडे शास्त्रज्ञांनीं जें शोधिलें तें तर जुन्या अश्वपरीक्षकांसही आवडलें असतें. २०१५ च्या अखेरीस उप्सला येथील व अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें, कीं ह्या जातीच्या फिकट रंगांत केंसाच्या सर्व अंगांत रंगद्रव्य नसतें, एकाच बाजूस असतें. त्यामुळें अंग फिकें दिसतें आणि पाठीवरची काळी रेघ उठून दिसते. मंगोलियांतल्या प्रझेवाल्स्की नांवाच्या रानघोड्याचा रंग हाच. म्हणजे पिंवळट तपकिरी अंग व काळी अयाळ हा घोड्याचा मूळचा, रानांतला रंग होय. आपण ज्यांचें कौतुक करतों ते गडद रंग पुढें पसरले. सर्वच फिकट घोडे मात्र एका कारणानें फिकट नसतात. पाठीवर रेघ नसलेल्या कित्येकांचा फिकेपणा अगदीं निराळ्या आनुवंशिक गुणापासून येतो. जुना शब्द डोळ्यास दिसेल तेवढें पाहून दिलेला, त्यानें दोघांनाही एकाच दावणीस बांधिलें.

पुतण्यांनीं पुरवणींत, बोरी हें गांवाचें नांवही घोड्याच्या रंगावरून तर नव्हे, असें विचारिलें आहे. फारशींत तांबूस घोड्यास 'बोर' म्हणतात हें खरें. पण बोरी म्हणजे बोराचें झाड, आणि झाडावरून पडलेलीं पिंपरी, वडगांव, बाभुळगांव अशीं नांवें महाराष्ट्रांत पैशाला पासरी आहेत. घोडा येथें आणूं नये.

शब्द मेला आहे असें मात्र कोणीं समजूं नये. इराणांत ह्या शतकाच्या आरंभीं निघालेल्या एका मोटारीस 'समंद' हेंच नांव दिलें. इकडे नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षांत भरते, नंदुरबारकडे तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. तेथें पंचकल्याणी, अबलख, नुकरा, देवमण हे शब्द हजारों रुपयांच्या सौद्यांत अजून खणखणीत वाजतात. भीमथडीच्या तट्टांस तर कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनें अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंदून घेतलें आहे, आणि तीं तट्टें आज सांभाळून आहेत ते मेंढरांमागें रानोमाळ हिंडणारे धनगर. शिकलेल्या घरांतून हे शब्द गेले. बाजारांत आणि बिऱ्हाड पाठीवर असलेल्यांत राहिले. ज्या घरीं मोडीचीं दप्तरें आहेत पण अर्थ सांगणारें माणूस उरलें नाहीं, त्यांनीं कोश तर पाहावाच. परंतु येत्या मार्गशीर्षांत माळेगांवीं जाणें झालें तर ती नक्कल खिशांत ठेवून एखाद्या म्हाताऱ्या घोडेवाल्यास "बाबा, समंद कसा असतो?" एवढें विचारून पाहावें. बहुधा तो उत्तर देणार नाहीं. दावणीपाशीं नेऊन उभा करील.