कॅमेरा हराम, मग अल्बम हलाल कसा?

“आपा, फोटो निकालना गुनाह है, तो खिंचवाना क्या है?”

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा हा सवाल. आमच्या उर्दू शाळेतून ती दहावी झाली. बारावीनंतर शिकवण्या घेऊन पैसे साठवले, एक जुना कॅमेरा घेतला आणि भंडारा, तुमसर, पवनीकडच्या लग्नांत जनान्यातले फोटो काढू लागली. बायकांमध्ये परका पुरुष कॅमेरा घेऊन फिरू नये म्हणून तिला आग्रहाने बोलावतात. आणि त्याच घरांतली वडीलधारी मंडळी तिच्या अब्बांना सांगतात, “मुलीला या धंद्यातून काढा. रिश्ता यायचा नाही.”

तिला उत्तर द्यायला मला उशीर झाला. ते आज चारचौघांत देते.

तस्वीरच्या मनाईबाबत उलेमांत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच म्हटले होते की कॅमेरा नवी सूरत घडवीत नाही, तो सावली धरून ठेवतो. हे मत अनेकांना आजही मान्य नाही. जो माणूस ईमानदारीने फोटोपासून दूर राहतो, त्याच्या तकव्याला माझा सलाम आहे. पण आपल्यात असे किती? हजच्या पासपोर्टला फोटो, मतदार ओळखपत्राला फोटो, मुलीच्या रिश्त्याला फोटो, वलीम्याचा जाडजूड अल्बम! फोटो काढून घेणारे सगळे पाक आणि काढणारी तेवढी गुनहगार, हा कुठला इन्साफ?

दुसरा पक्ष शिकल्या-सवरलेल्यांचा. ते म्हणतात, करिअर करायचे तर मिळेल ते काम घे, उसूल पोट भरल्यावर बघू. मला हा पक्ष पहिल्यापेक्षा अधिक धोक्याचा वाटतो.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचली. अवघा देश त्या दिवशी आमच्या गावाकडे पाहत होता. माझ्या विद्यार्थिनीला फोन आला, “आयांचे चेहरे हवेत. रडताना. जवळून.” पैसे चांगले मिळणार होते. ती गेली, फाटकाजवळ उभी राहिली आणि कॅमेरा पिशवीतून न काढताच परत आली. त्या माणसाने पुन्हा तिला काम दिले नाही. घरच्यांनीही वेड्यात काढले.

मी तिला वेडी म्हणणार नाही. पण जे भयंकर ते टिपूच नये, असाही माझा दावा नाही. याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत, 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. राज्यभर आक्रोश उठायला महिना लागला. तो उठण्यात मृतदेहांच्या हातोहात फिरलेल्या छायाचित्रांचा वाटा होता. ती नसती तर सत्य दडपणे सोपे गेले असते. आणि त्याच छायाचित्रांतून एका लेकीची विटंबना गावोगाव पोचली, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी मनात ठेवून ज्याचा हात कॅमेऱ्यावर थरथरतो, त्यालाच मी या पेशाला लायक समजते.

मग कसोटी कोणती? आपल्याच दीनमध्ये ती आहे. अमानत. कोणाचा चेहरा, कोणाचे दुःख, कोणाच्या घरातले बायकांचे हसू तुमच्याकडे आले की ती ठेव झाली. ठेव विकायची नसते, मालकाच्या मर्जीविना दुसऱ्याला दाखवायची नसते. माझी विद्यार्थिनी जनान्यातले फोटो घरच्या बाईच्या हाती देते, आपल्याजवळ एकही ठेवीत नाही, मोबाईलवर टाकीत नाही. ही तिची शिस्त तिला कोणत्या कोर्समध्ये शिकवलेली नाही. तेच तिचे करिअर आहे आणि त्याच भरवशावर तिला पुढचे लग्न मिळते.

उसूल सांभाळून मोठे होता येत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या विदर्भाकडेच पाहावे. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईत वृत्तपत्रांसाठी फोटो काढत होते. रोजची नोकरी सांभाळून ते महापालिकेच्या सफाई कामगारांमागे वर्षानुवर्षे फिरले, त्यांच्या कामावर आणि त्यांच्या घरांतही. शहर ज्यांच्याकडे पाहून नाक दाबते, त्यांना त्यांनी माणूस म्हणून समोर उभे केले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दिल्लीचे दानिश सिद्दीकी जामियात शिकले. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी त्यांच्या चमूला 2018 चे पुलित्झर मिळाले. 16 जुलै 2021 रोजी अफगाणिस्तानात काम करतानाच ते मारले गेले. त्यांच्या हातातला कॅमेरा हराम होता, असे म्हणायची कोणाची हिंमत आहे?

आपण नेहमी रडतो की वर्तमानपत्रे आपले खरे चित्र दाखवीत नाहीत. बातमी शिष्यवृत्तीची असो की बेकारीची, फोटो ठरलेला: टोपी, बुरखा, नमाजात वाकलेल्या पाठी. तक्रार रास्त आहे. पण दुसरे चित्र काढणार कोण? बिडीचा सूप मांडीवर घेऊन रात्री उशिरापर्यंत पाने वळणारी बाई, गोसीखुर्दच्या पाण्यात घरदार गेलेला वैनगंगेकाठचा शेतकरी, पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणारी आमची पोर... हे फोटो परका येऊन काढील म्हणून वाट पाहायची आणि ज्या मुलीने कॅमेरा उचलला तिला घरी बसवायचे, हा स्वतःच्या हाताने आपलेच डोळे झाकण्याचा प्रकार आहे.

तेव्हा बेटी, तुझ्या सवालाचे माझे उत्तर असे. लग्नाचे काम कर, चोख पैसे घे, त्यात लाज नाही. नको वाटेल ते काम त्या दिवशी परतवलेस तसेच परतव. वर्षातले थोडे दिवस मात्र अशा कामाला दे, ज्याचे पैसे कोणी देत नाही.

आणि ज्यांच्या कपाटात तिने केलेले अल्बम आहेत, त्यांनी पुढच्या वेळी तिच्या अब्बांना सल्ला देण्याआधी ते कपाट एकदा उघडून पाहावे.